मीटरच्या पोटातील आज्ञा

आपल्या घरच्या विजेच्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो. पुष्कळ मीटरांवर छापलेले असते की तो ३२०० वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट झाले. ही मोजदाद आतील बोर्डावरची नखाएवढी चिप करते. परंतु चिप बहुधा कोरीच कारखान्यात येते. काय करायचे ते प्रोग्रॅमच्या रूपाने तिच्यात भरावे लागते, आणि दिवसाकाठी हजारो मीटर काढायचे झाले की हे भरणेच अडून बसते.

आपल्या शेजारी पेणला गणपतीच्या कारखान्यांत हीच अडचण निराळ्या तऱ्हेने सोडवली आहे. मूर्तीचे अंग साच्यातून भराभर निघते. डोळ्यांची आखणी मात्र एकेका मूर्तीवर कसलेला हातच करतो. मीटरमध्येही सर्वांना सारखे काय आणि प्रत्येकाचे स्वतःचे काय, हे आधी वेगळे काढले पाहिजे.

सारखा असतो तो प्रोग्रॅम. समजा, तो भरायला एका बोर्डाला चाळीस सेकंद लागतात. हजार बोर्डांना एकामागून एक अकरा तासांहून अधिक लागतील. म्हणून दहा बोर्ड एकाच पत्र्यात जोडलेले ठेवतात, खालून स्प्रिंगच्या टाचण्या त्यांना टेकवतात आणि दहांनाही एकदम भरतात. काम तास-सव्वातासावर येते. बोर्ड चढवण्या-उतरवण्याचा वेळ अर्थात निराळा. चिप बोर्डावर बसवण्यापूर्वीच भरून घेतली तर आणखी सोय. पण मागाहून प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, की भरलेल्या चिपांचा साठा पुन्हा हाती घ्यावा लागतो.

आता डोळ्यांची आखणी. प्रत्येक मीटरच्या सुट्या भागांत थोडा फरक असतोच. म्हणून त्यातून ठराविक वीज सोडून प्रमाण मीटरशी ताडून पाहतात आणि निघालेला फरक दुरुस्तीचा आकडा म्हणून त्याच चिपमध्ये लिहितात. हा आकडा चुकून शेजारच्या मीटरमध्ये गेला तर? दिवा लुकलुकेल, बिल येईल, आणि ते वर्षानुवर्षे थोडे चुकीचे येत राहील. ग्राहकाला ते सहजासहजी कळणार नाही. घाईने होणारे नुकसान कारखान्याच्या दारात दिसत नाही, ते असे कुणाच्या तरी घरात दिसते.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्यांची सही नोटानोटांवर तीच असे, क्रमांक मात्र प्रत्येक नोटेचा वेगळा. मीटरच्या बाबतीत यंत्राला 'पुढचा क्रमांक दे' असे सांगणे मला धोक्याचे वाटते. मध्येच वीज गेली, कामगाराने बटण पुन्हा दाबले, की आतला क्रमांक एक आणि बाहेरच्या चिठ्ठीवरचा दुसरा! त्यापेक्षा चिठ्ठी आधी चिकटवावी, यंत्राने ती वाचावी आणि तोच क्रमांक आत लिहावा. बोर्ड बाद झाला तर क्रमांकही बाद. तो दुसऱ्याला देऊ नये. नव्या स्मार्ट मीटरांत गुप्त किल्लीही असते. तीही प्रत्येकाची वेगळी हवी. नाही तर एक मीटर फोडणाऱ्याच्या हाती सारे गाव येईल.

लिहिलेले सर्व परत वाचून ताडायचे आणि मगच चिपला कुलूप घालायचे. वेळ वाचवण्यासाठी हे वाचन गाळण्याचा मोह होतो. परंतु कुलूप पडल्यावर आत काय आहे ते बाहेरून वाचता येत नाही.