रविकीर्तीचे जिनालय

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे कुठलेही जाडजूड पुस्तक उघडा, ऐहोळेच्या शिलालेखाचा दाखला हमखास सापडतो. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने हर्षाचा केलेला पराभव, कोकणातल्या मौर्यांच्या पुरीवर जहाजांनिशी केलेली चाल, 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर मिळवलेले स्वामित्व, हे सगळे त्या लेखात आहे. रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा इतिहास लिहिताना त्याचा आधार घेतला. एकेकाळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी पुढे त्याचे संपादन केले. लेखाला असे मोठमोठे अभ्यासक लाभले. तो अंगावर वागवणाऱ्या मंदिराकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही.

हे मंदिर म्हणजे मेगुटी. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, मलप्रभेच्या खोऱ्यात, ऐहोळे गावाला लागून असलेल्या टेकडीच्या माथ्यावर ते उभे आहे. चढताना वाटेत दुमजली बौद्ध वास्तू लागते आणि माथ्यावर मंदिराच्या मागच्या बाजूला महापाषाणयुगीन दफनस्थळे आहेत. मंदिर उभारणाऱ्या रविकीर्तीने जिनासाठी जागा निवडली ती अशी, माणसांनी आधीपासून पवित्र मानलेली.

मंदिर उत्तराभिमुख आहे. गर्भगृहाभोवती बंदिस्त प्रदक्षिणामार्ग, पुढे सभामंडप. समोरचा भाग नंतर वाढवलेला. वालुकाश्माचे तुलनेने लहान, घोटीव दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवले आहेत. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला अर्धस्तंभ आहेत आणि त्यांच्यामध्ये मूर्तींसाठी कोनाडे. त्यातले बरेच रिकामे, काही ठिकाणी नक्षी अर्धवट सोडलेली. मला हे अपुरेपण मोलाचे वाटते: आधी भिंत रचायची आणि मग जागेवर कोरायचे, ही पाथरवटांची रीत इथे उघड दिसते. गर्भगृहाच्या वर, छतावर आणखी एक देवालय आहे. त्याचे शिखर आज नाही.

पण मेगुटीचे खरे महत्त्व तारखेत आहे. पूर्वेच्या भिंतीवरचा लेख शके 556, म्हणजे इ.स. 634-35 हे वर्ष सांगतो. बदामी, ऐहोळे, पट्टदकल परिसरातल्या कितीतरी मंदिरांवर बांधकामाचे वर्षच नाही. त्यांचा काळ शैलीवरून ठरवावा लागतो आणि त्या तुलनेसाठी मेगुटी हा पक्का टेकू ठरतो. ऐहोळ्याचे लाडखान मंदिर पूर्वी पाचव्या शतकातले समजत. आता बहुतेक अभ्यासक त्याला मेगुटीनंतरचे मानतात. चालुक्य स्थापत्याचा सगळा क्रम त्यामुळे नव्याने लावावा लागला.

मंदिर उभारणारा रविकीर्ती स्वतःच या लेखातल्या प्रशस्तीचा, म्हणजे राजस्तुतीचा, कवी. आपल्या काव्याची कीर्ती तो कालिदास आणि भारवी यांच्या तोडीची म्हणून मिरवतो. त्या अभिमानाचे आपल्यावर उपकार आहेत, कारण हे दोन्ही कवी 634 पूर्वीच नावाजलेले होते याचा दगडी पुरावा त्यातून मिळाला. राजा वैदिक यज्ञांची परंपरा सांगणाऱ्या घराण्यातला, त्याची थोरवी गाणारा कवी जैन, आणि ती कोरली जिनालयाच्या भिंतीवर. सातव्या शतकातला दख्खन समजून घ्यायला यापेक्षा बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

गर्भगृहात आसनस्थ तीर्थंकराची झिजलेली मूर्ती आहे. नेमिनाथांची यक्षी अंबिका हिचे इथले भव्य शिल्प मात्र गावातल्या पुरातत्त्व संग्रहालयात हलवले आहे. आंब्याखाली बसलेली, परिवाराने वेढलेली ती देवी पाहिल्यावाचून हे जिनालय पुरते पाहून होत नाही. पट्टदकल 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे, ऐहोळे आणि बदामी अजून तात्पुरत्या यादीत. ऐहोळ्याला जाणारे मराठी प्रवासी बहुधा खालच्या दुर्ग मंदिरावरूनच परततात. त्यांनी टेकडी चढावी आणि पूर्वेची भिंत वाचून झाल्यावर उरलेल्या तीन भिंतींनाही तेवढाच वेळ द्यावा.