बारा नंबरची नाव

मुलांच्या गोष्टीत मरण किती दाखवावं? कादंबरीकार म्हणून हा प्रश्न मला नेहमी छळतो.

१७ सप्टेंबर १९४० च्या रात्री जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज बुडवलं. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी सरकारी योजनेतून ९० ब्रिटिश मुलं त्यातून कॅनडाला निघाली होती. त्यांतली ७७ गेली. १२ नंबरची जीवनौका ४६ जणांना घेऊन आठ दिवस भरकटत राहिली. तीत सहा मुलगे होते. पियानो शिकवणाऱ्या मेरी कॉर्निश त्यांना गोष्टी सांगून धीर देत. शेवटी विमानाने नाव हेरली आणि त्यांची सुटका झाली.

अमेरिकन लेखिका सुझन हूड यांनी २०१८ मध्ये यावर मुलांसाठी 'लाइफबोट १२' लिहिलं. त्या मरण लपवत नाहीत. शिवाय त्या नावेत बहुसंख्य असलेले हिंदी खलाशीही त्यांच्या गोष्टीत आहेत. जहाजावरचे असे शंभराच्या घरात खलाशी बुडाले; पण या कहाणीत ते बहुधा नुसता आकडा म्हणून उरतात.

उमेदीची वर्षं मी बँकेत खातेवह्या तपासण्यात घालवली. एक रकाना गाळला की बेरीज जुळत नाही. मुलांना मरण सोसतं, वाचकहो. अर्धवट हिशेब मात्र आपण त्यांच्या हाती देऊ नये.