मुंबई–नागपूर : अंतर किती, वेळ किती?

हवाई अंतर : सरळ रेषेत सुमारे ६८० कि.मी.

रेल्वेने : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ८३७ कि.मी.; कसारा घाट, भुसावळ, वर्धामार्गे. वेगवान गाड्यांनाही साधारण ११ ते १२ तास.

रस्त्याने : समृद्धी महामार्ग ७०१ कि.मी. (ठाणे जिल्ह्यातील आमणे ते नागपूर). जून २०२५ मध्ये पूर्ण खुला. सुमारे ८ तास.

विमानाने : वेळापत्रकात साधारण दीड तास.

दीड तास का? ताशी ८०० कि.मी. वेगाने ६८० कि.मी.चे हवाई अंतर ५१ मिनिटांत संपायला हवे. पण वेळापत्रकातला वेळ विमान जागचे हलल्यापासून उतरून थांब्यावर उभे राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतची वाट, उड्डाणासाठीची रांग, चढण-उतरण हे सारे त्यात येते. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे नागपूरकडे जाताना पाठीशी असतात, तर परतताना समोरून येतात.

मध्यरात्रीचे नागपूर : १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने नागपुरात एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतत. देशाच्या मध्यावर असण्याचे मोल या शहराने असे सिद्ध केले.