लाइम रोग आणि मुलाची न थांबणारी डोकेदुखी

मुलाचे डोके आठवडेच्या आठवडे दुखत राहणे ही तक्रार वैद्यकशास्त्राला नवी नाही. परंतु त्या मुलाला लाइम रोग झाल्याचे निदान आधीच झालेले असेल, तर त्या तक्रारीचा उलगडा करणे अधिक अवघड होते. एकदा आजाराला नाव मिळाले की पुढचे प्रत्येक दुखणे त्याच नावावर मांडण्याकडे पालकांचा आणि कित्येकदा डॉक्टरांचाही कल असतो. वस्तुतः अशा मुलाच्या डोकेदुखीमागे लाइमचे जंतू असू शकतात, त्या जंतूंमुळे कवटीच्या आत वाढलेला दाब असू शकतो, त्यांच्यावर दिलेले औषध असू शकते, त्याच गोचिडीने सोबत आणलेला दुसरा जंतू असू शकतो, किंवा यांपैकी कशाशीही संबंध नसलेली अर्धशिशी असू शकते. या प्रत्येकाचा उपचार वेगळा असल्यामुळे कारणाचा शोध हीच उपचाराची पहिली पायरी ठरते.

लाइम हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील एका लहान गावाचे नाव आहे. १९७५ च्या सुमारास या गावात आणि त्याच्या आसपास अनेक मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा पॉली मरे या गृहिणीने आपल्या घरातील व शेजारपाजारच्या आजारपणांच्या नोंदी चिकाटीने ठेवून त्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढे मांडल्या आणि येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा अभ्यास हाती घेतला. आजाराचे कारण असलेला मळसूत्राच्या आकाराचा जिवाणू विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या शरीरात सापडला, त्याविषयीचा शोधनिबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे त्या जिवाणूला ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ हे नाव मिळाले. या रोगाचा शोध एका आईच्या वहीतील नोंदींपासून सुरू झाला, ही गोष्ट डोकेदुखीच्या संदर्भात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हा जिवाणू उंदरांसारख्या लहान प्राण्यांच्या शरीरात राहतो आणि गोचिडीमार्फत माणसात येतो. गोचिडीच्या वाढीतील ‘निम्फ’ ही मधली अवस्था सर्वांत धोकादायक असते, कारण तेव्हा तिचा आकार जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा असतो, तिचा चावा दुखत नाही आणि ती मुलाच्या केसांच्या रेषेत, कानामागे, काखेत किंवा गुडघ्याच्या मागे चिकटून राहिली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. जिवाणू शरीरात उतरण्यासाठी ती साधारणतः एका दिवसाहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि उत्तर-मध्य राज्यांत हा आजार सर्वाधिक आढळतो. युरोपातही तो मोठ्या प्रमाणावर आहे. अमेरिकेत दर वर्षी सुमारे ४,७६,००० व्यक्तींवर या रोगाचे निदान करून उपचार होत असल्याचा तेथील रोग नियंत्रण केंद्राचा अंदाज असून, पाच ते नऊ वर्षे वयाचे मुलगे हा अधिक बाधित होणाऱ्या गटांपैकी एक आहे. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी म्हणूनच हा विषय दूरचा नाही.

अशा मुलाच्या डोकेदुखीचे कारण शोधताना सर्वांत उपयुक्त प्रश्न ‘किती दुखते’ हा नसून ‘केव्हापासून दुखते’ हा असतो. चाव्यानंतर तीन ते तीस दिवसांत बहुसंख्य रुग्णांच्या त्वचेवर हळूहळू पसरत जाणारा लालसर चट्टा उमटतो. त्याच सुमारास ताप, अंगदुखी आणि डोकेदुखी ही लक्षणे दिसू शकतात. ती शरीराने संसर्गाला दिलेल्या सर्वसाधारण प्रतिसादाची असतात आणि प्रतिजैविके सुरू झाल्यावर बहुधा ओसरतात. चट्टा डोक्याच्या केसांत असेल किंवा सावळ्या त्वचेवर तो स्पष्ट दिसला नाही, तर मात्र हा टप्पा निसटतो आणि जिवाणू रक्तावाटे मज्जासंस्थेपर्यंत पोहोचू शकतो.

मज्जासंस्थेत पोहोचलेल्या संसर्गाचे मुलांमध्ये प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. एकात चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, क्वचित दोन्ही बाजू लुळ्या पडतात, आणि दुसऱ्यात मेंदूभोवतीच्या आवरणांचा दाह होतो. विषाणूंमुळे होणारा असा दाह बहुधा झपाट्याने चढतो आणि मूल एक-दोन दिवसांतच अंथरुणाला खिळते. लाइममुळे होणारा दाह त्या मानाने संथ असून, मूल शाळेत जात-येत असते, तापही फारसा नसतो, पण डोके मात्र दिवसेंदिवस दुखत राहते. हे दोन आजार वेगळे ओळखण्यासाठी लाइमप्रवण प्रदेशातील बालरोगतज्ज्ञ ‘सातांचा नियम’ वापरतात. डोकेदुखी सात दिवसांपेक्षा कमी काळाची असेल, मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातील पांढऱ्या पेशींमध्ये एककेंद्रकी पेशी सत्तर टक्क्यांहून कमी असतील, आणि चेहरा हलवणारी सातवी किंवा दुसरी कोणतीही मस्तिष्क चेता लुळी पडलेली नसेल, तर लाइमची शक्यता अल्प समजली जाते. तिन्हींपैकी कोणतीही एक अट जरी पूर्ण होत नसेल, तर लाइमचा विचार सोडून देता येत नाही.

यापुढचे कारण सर्वाधिक सावधपणे शोधावे लागते, कारण त्यात दृष्टी पणाला लागलेली असते. लाइमच्या संसर्गामुळे काही मुलांच्या कवटीच्या आतील द्रवाचा दाब वाढतो. तेव्हा डोकेदुखी आडवे झाल्यावर किंवा पहाटे वाढते, उलट्या होतात, वाकल्यावर डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते आणि डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी चेता दबल्याने एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. लहान मुले ‘दोन दिसतात’ असे सांगतीलच असे नाही. ती एक डोळा झाकून वाचतात किंवा मान तिरकी करून दूरदर्शन पाहतात, आणि हे घरच्यांनाच आधी दिसते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर डोळ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहतात, तेव्हा दृष्टिचेता जिथे डोळ्यात शिरते ती, एरवी ठसठशीत कडा असलेली, फिकट गोल चकती त्यांना फुगलेली व पुसट कडांची दिसते. काही मिनिटांची, सुईशिवाय होणारी ही तपासणी दीर्घकाळ डोके दुखणाऱ्या कोणत्याही मुलाच्या बाबतीत टाळता कामा नये, कारण ही सूज दुर्लक्षित राहिली तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

सूज आढळल्यास आधी मेंदूचे एमआरआय चित्रण करून गाठ आणि शिरांतील रक्ताची गुठळी या शक्यता दूर केल्या जातात, आणि मगच कमरेच्या मणक्यांमधून पाणी काढले जाते. मुलाला कुशीवर निजवून सुई योग्य जागी पोहोचली की तिला एक उभी, खुणा केलेली पारदर्शक नळी जोडतात; द्रव त्या नळीत हळूहळू चढतो आणि जिथे स्थिरावतो, ती उंची म्हणजेच दाब. मुलांमध्ये ही उंची २८ सेंटिमीटरच्या वर गेली तर दाब वाढल्याचे सामान्यतः मानले जाते; मात्र मूल रडत असेल किंवा अंग आखडून घेत असेल तर खोटा वाढलेला आकडा मिळतो, म्हणून मूल शांत होण्याची वाट पाहणे हा तपासणीचाच भाग आहे. पाणी काढल्यानंतर काही दिवस उठून बसले की दुखणारे आणि निजले की थांबणारे डोके हे या तपासणीचा परिणाम असते, आजार बळावल्याचे लक्षण नव्हे.

औषध हेच कारण असण्याची शक्यता पालकांना खरी वाटत नाही, पण ती खरी आहे. प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेनंतर चोवीस तासांच्या आत, मरणाऱ्या जिवाणूंमुळे उद्भवणाऱ्या प्रतिक्रियेने ताप आणि डोकेदुखी तात्पुरती वाढू शकते. त्याहून महत्त्वाची बाब अशी की लाइमवर सर्रास दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन आणि त्याच कुळातील इतर औषधे स्वतःच कवटीतील दाब वाढवू शकतात. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन आणि अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा यांचाही असाच परिणाम होतो. म्हणून उपचार सुरू झाल्यावर कमी झालेली डोकेदुखी दोन-तीन आठवड्यांनी वेगळ्या स्वरूपात परतली, तर ‘औषध पुरे पडत नाही, वाढवा’ असा निष्कर्ष काढण्याआधी डोळ्याचा पडदा पुन्हा तपासणे आवश्यक ठरते. डॉक्टरांना न विचारता औषध बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे.

गोचीड एकाच चाव्यात अनेक जंतू देऊ शकते, याचाही विसर पडू नये. पांढऱ्या पेशींत शिरणारा ॲनाप्लाझ्मा तीव्र डोकेदुखी व ताप आणतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी व बिंबिका कमी करतो. तांबड्या पेशींत वाढणारा बाबेसिया हा परजीवी त्या पेशी फोडून रक्तक्षय घडवतो आणि त्याच्यावर डॉक्सिसायक्लिनचा प्रभाव पडत नाही. उपचार चालू असूनही ताप हटत नसेल, तर साध्या रक्तगणनेपासून हा शोध सुरू करता येतो.

रक्ताच्या तपासणीचा अर्थ लावतानाही मोठी गफलत होते. लाइमची नेहमीची तपासणी जिवाणू शोधत नाही, तर शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे दोन टप्प्यांत शोधते. ही प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागत असल्यामुळे सुरुवातीचा अहवाल नकारात्मक येऊ शकतो. उलट आजार पूर्ण बरा झाल्यावरही ती कित्येक वर्षे रक्तात राहतात. म्हणजेच उपचारांनंतर वर्षभराने आलेला सकारात्मक अहवाल आजार होऊन गेल्याचे सांगतो, तो आजही चालू असल्याचे सिद्ध करत नाही.

उपचार संपून काही महिने लोटल्यावरही चालू राहणाऱ्या डोकेदुखीचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. मुलांतील अर्धशिशी पुष्कळदा कपाळाच्या दोन्ही बाजूंना दुखते आणि दोन तासांतही थांबू शकते, त्यामुळे ती ओळखू येत नाही. संसर्गाचे आजारपण, बिघडलेली झोप आणि बुडालेली शाळा यांमुळे सुप्त असलेली ही प्रवृत्ती उघड होते. किशोरवयीन मुलांत दीर्घ आजारपणानंतर उभे राहताच नाडी मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढून डोके जड होण्याचा विकारही आढळतो, आणि तो निजून व उभे राहून नाडी मोजण्याच्या साध्या चाचणीने लक्षात येतो. वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर ती गोळीच रोजच्या डोकेदुखीला कारणीभूत ठरते. शाळेत परतण्याची धास्ती, वर्गात मागे पडल्याची लाज, मिटलेली भूक ही कारणेही खरीच असतात. त्यांचा उल्लेख करणे म्हणजे मूल ढोंग करते असे म्हणणे नव्हे.

या टप्प्यावर प्रतिजैविके महिनोन्‌महिने देण्याचा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. मज्जासंस्थेच्या सर्वसाधारण लाइम संसर्गासाठी अमेरिकेतील तीन वैद्यकीय संघटनांनी २०२० साली एकत्रितपणे १४ ते २१ दिवसांचा उपचार सुचवला आहे. उपचारांनंतर रेंगाळणाऱ्या तक्रारींसाठी दीर्घकाळ प्रतिजैविके देऊन पाहणारे अमेरिकेतील आणि नेदरलँड्समधील अभ्यास प्रौढांवर झाले, आणि त्यांत टिकाऊ लाभ दिसून आला नाही. शिरेतील नळीला होणारा जंतुसंसर्ग आणि पित्ताशयात साचणारे खडे हे धोके मात्र खरे आहेत. मुलाचा त्रास खरा आहे हे मान्य करणे आणि त्यावर निरुपयोगी औषध न देणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

भारतात लाइमची नोंद विरळ आहे. येथे गोचिडीचा ताप म्हणजे बहुधा दुसरेच आजार असतात. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला आणि गेल्या दशकात गोव्यातील सत्तरी तालुक्यात व सिंधुदुर्गात आढळलेला माकडताप ताप आणि तीव्र डोकेदुखीनेच सुरू होतो. त्यामुळे परदेशातून आलेल्या मुलाच्या बाबतीत ‘कोठे राहत होता’ आणि कोकणातल्या मुलाच्या बाबतीत ‘रानात गेला होता का’ हे प्रश्न विचारल्याशिवाय निदान पुढे सरकत नाही.

मूल डोकेदुखीने झोपेतून जागे होत असेल, सकाळी उलट्या होत असतील, दृष्टी, चाल किंवा स्वभाव बदलला असेल, मान ताठली असेल, शुद्ध हरपत असेल किंवा झटका आला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी पालकांनी एक साधी वही करावी आणि त्यात दुखण्याची तारीख, वेळ, जागा, झोप, जेवण, दिलेली प्रत्येक गोळी आणि बुडालेली शाळा हे महिनाभर लिहावे, तसेच डॉक्टरांकडे डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीची स्पष्ट मागणी करावी. जिवाणू सापडण्यापूर्वी कित्येक वर्षे लाइम गावातील एका आईने ठेवलेल्या नोंदींनी वैद्यकशास्त्राला वाट दाखवली होती. आपल्या मुलाच्या डोकेदुखीची वाटही प्रत्येक पालकाने अशाच नोंदींतून दाखवावी.