मिरकरवाड्याचा रविवार

रत्नागिरीत शनिवार-रविवार काढायला येणारी माणसं शहरात फारशी थांबत नाहीत. आरे-वारेचा रस्ता, गणपतीपुळ्याचं दर्शन, वाटेत एखाद्या घरगुती खानावळीत उकडीचे मोदक, आणि रविवारी संध्याकाळी परतीची गाडी. वेळ उरला तर रत्नदुर्गावर भगवतीच्या पाया पडून दीपगृहाकडे फेरी होते. तिथून रंगीबेरंगी नौकांची दाटी दिसते आणि तिचाही एक फोटो निघतो. ती दाटी म्हणजे मिरकरवाडा. या खेपेला मी सुट्टी तिथेच घालवली. राहायला मांडवीत ओळखीच्यांकडे, आणि जागेपणीचा बहुतेक वेळ जेटीवर.

मिरकरवाडा हा समुद्रकाठ आहे, पण इथे कुणी समुद्राकडे बघत बसत नाही. बर्फाचे कारखाने, डिझेलचे पंप, इंजिनं खोलून बसलेले मेस्त्री, वेल्डिंगच्या ठिणग्या, दोरखंडांची दुकानं, पहाटे तीनलाही उघडी असलेली चहाची टपरी. दालदी मुसलमान आणि खारवी यांनी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. एका नौकेच्या नाळेवर ‘माशाअल्लाह’ रंगवलेलं आणि तिला खेटून बांधलेल्या नौकेवर देवीचं नाव, त्याखाली दोघींच्याही नोंदणी क्रमांकात तेच ‘एमएच-4’. खलाशांत आता नेपाळी माणसं पुष्कळ आहेत. समुद्र नसलेल्या देशातली ही मुलं ऑगस्टात येतात आणि मे अखेरीस घरी परततात. त्यांचेच गाववाले हापूसच्या बागांत राखणीला असतात. रत्नागिरीच्या दोन्ही मोठ्या उत्पन्नांमागे नेपाळच्या डोंगरातले हात आहेत, ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्याबद्दल लिहिलेलं मी फार थोडं वाचलं आहे.

मी गेले ते दिवस कार्तिक वद्य षष्ठी-सप्तमीचे. तिथी मुद्दाम सांगते, कारण बंदरावर पहिला प्रश्न तारखेचा नसतोच. कोकणात भरतीचं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी म्हणजे सहा, सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला आणि पुन्हा दुपारी साडेचारला पाणी पूर्ण भरणार. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण हिशेब चुकत नाही. मोबाईलवर भरतीचे तक्ते दिसत असतानाही नौका चालवणारे तांडेल बोटांवर तिथी मोजतात, मी पाहिलं आहे. अष्टमीच्या आसपासच्या पाण्याला भांग म्हणतात. तेव्हा भरतीला पाणी फार चढत नाही आणि ओहोटीला फार उतरत नाही. पुनवेला-अवसेला येतं ते उधाण.

भांगाचं पाणी मिरकरवाड्याला जड जातं, कारण बंदरात गाळ आहे. गाळ काढला जातो, पुन्हा साचतो, पुन्हा मागणी होते. शनिवारी पहाटे चारच्या सुमाराला वद्य पक्षातला उणा चंद्र डोक्यावर होता आणि बाहेर नौकांचे दिवे थांबलेले दिसत होते. माल भरलेली नौका खोल बुडते, तिला आत यायला पाणी पुरेसं लागतं. साडेचारच्या आगेमागे एकेक इंजिन सुरू झालं आणि नौका रांगेने आत आल्या. पहिल्या नौकेचा तांडेल नाळेवर उभा राहून नुसत्या हाताने सुकाणूवाल्याला डावं-उजवं दाखवत होता. तोंडाने एक शब्द नाही. दोन नौकांच्या मधल्या फटीत त्याने तिसरी नौका घातली आणि जेटीला टायर घासल्याचा आवाजसुद्धा आला नाही. ते कौशल्य बघताना मला जागरणाचा विसर पडला.

मग मात्र आवाजाला सुमार राहत नाही. खण उघडला की खलाशी फावड्याने बर्फ बाजूला सारतो, खालून बांगडा निघतो, पाठीवरच्या निळ्या-हिरव्या वळ्या अजून चकाकत असलेला. क्रेट भरतात, हातोहात वर येतात. पर्ससीनच्या नौकेवर पंचवीस-तीस माणसं असतात आणि त्यांचं काम मुख्यतः बांगडा, तारली अशा घोळक्याने फिरणाऱ्या माशांचं. घोळका दिसला की जाळ्याने त्याला वळसा घालतात. जाळ्याच्या खालच्या काठाला कड्या असतात, त्यांतून ओवलेली दोरी यंत्राने ओढली की जाळ्याचा तळ बटव्यासारखा आवळला जातो. घोळका सापडला की सगळाच सापडतो, आणि पर्ससीनवाले व पारंपरिक मच्छीमार यांच्यातल्या तंट्याचं मूळही हेच आहे. छोट्या होड्यांवर आणि किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीवर जगणाऱ्यांचं म्हणणं असं की आमच्या वाट्याला काही उरत नाही. महाराष्ट्रात 2016 च्या अधिसूचनेने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले. प्रखर दिवे लावून मासळी ओढून घेण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. यांत्रिक नौकांसाठीची पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी आहेच. मला पारंपरिक मच्छीमारांचं म्हणणं पटतं. बोटभर लांबीची बांगड्याची पिल्लं क्रेटच्या तळाशी चेंगरलेली दिसली की ते आणखी पटतं. पण त्याच क्रेटवर जेटीवरच्या मजुरांचा, बर्फवाल्यांचा आणि त्या नेपाळी मुलांचा पगार आहे, हेही शेजारीच उभं असतं.

लिलाव पाहायला मी एका ढिगाशी उभी राहिले. सुरमई, चारपाच हलवे, एक मोठा रावस. बोली पुकारणारा माणूस आकडा एका दमात म्हणत राहतो. तोच आकडा, तोच आकडा, आणि मध्येच पन्नासाने वर. घेणारे तोंड उघडत नाहीत. कुणी भुवई उचलतो, कुणी पायाच्या अंगठ्याने ढिगाला स्पर्श करतो. एका बाईने सुरमईचा कल्ला उचलून लाल रंग बघितला, पाठीवर अंगठा दाबला, मांस परत वर आलं का पाहिलं आणि हात मागे घेतला. हात मागे घेणं हीच तिची बोली होती. कागद नाही, पावती नाही, पैसेही लगेच दिलेच असं नाही. वहीत नाव पडतं आणि हिशेब पुढे होतो. ढीग उचलून तिने टबात घातला, वर बर्फाचा चुरा पसरला आणि रिक्षाकडे निघाली. सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढा वेळही लागला नाही.

शनिवारचा लिलाव मंद होता. मला तो गजबजलेला वाटला, पण शेजारी उभ्या असलेल्या खारवी काकी म्हणाल्या, “आज शनवार. मारुतीचा वार. आज गिऱ्हाईक नाय.” तिथी पाणी ठरवते, पण दर ठरवतो वार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या घरांची संख्या इतकी मोठी आहे की त्यांच्या उपासाचा आकडा लिलावात उतरतो. बुधवार आणि शुक्रवार चांगले, रविवार सगळ्यात चांगला. हंगाम ऑगस्टात उघडतो तेव्हा नेमका श्रावण असतो, मग मासळी आली तरी खाणारं तोंड कमी. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचीही तीच कथा. समुद्राला यातलं काहीच माहीत नसतं. शनिवारी जाळ्यात भरपूर आलं तर ते बर्फात रविवारची वाट बघतं, किंवा गाडीतून दूर जातं. आंबा घाट चढून कोल्हापूरला, मुंबई-पुण्याला, गोव्याला आणि त्याहीपुढे. राणी मासा तर फारसा कुणाच्या ताटापर्यंत मूळ रूपात पोचतही नाही. रत्नागिरीच्याच गद्रे मरीनसारख्या कारखान्यात त्याची सुरिमी, म्हणजे माशाचा लगदा, होते आणि ती परदेशी जाते. रविवारी पुण्यात कोणी काय खायचं ठरवतं यावर मिरकरवाड्यातली शनिवारची रात्र किती लांबणार हे ठरतं.

दुपारी जेटी धुतली जाते आणि वाडा सावलीत सरकतो. एका भिंतीच्या आडोशाला म्हातारे चाचा जाळं तुणत बसले होते. उजव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवलेलं, डाव्या हातात फाटका भाग ताणून धरलेला, उजव्या हातात प्लॅस्टिकची चपटी सुई, तिच्यावर हिरवा नायलॉनचा धागा गुंडाळलेला. फाटलेल्या भागाचे लोंबते धागे आधी ब्लेडने कापून टाकतात. चांगला आस, म्हणजे जाळ्याचं धड घर, दिसेपर्यंत भोक मोठंच करत नेतात, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं की हे जाळं सांधताहेत की उसवताहेत. मग एका कोपऱ्यातून सुरुवात. सुई वरून खाली, बोटाभोवती एक वेढा, गाठ, खेच. आसाचं माप कुठे लिहिलेलं नसतं. बोटाची जाडी हेच माप, म्हणून एका जाळ्याला शक्यतो एकाच माणसाचा हात लागावा असं चाचा म्हणाले. ते बोलत असताना हात थांबला नाही आणि नजरही खाली नव्हती. मी विचारलं, मुलं शिकतात का हे. “पोरगा आखातात हाय,” ते म्हणाले, आणि पुढची गाठ मारली. या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हेच उत्तर मिळतं. त्यांच्या शेजारी बसून जाळं धरून ठेवणारा विशीतला मुलगा नेपाळचा होता. गाठ मारायला तो शिकत होता, आणि चाचा त्याची प्रत्येक गाठ नखाने ओढून तपासत होते.

संध्याकाळी मी मांडवीला आले. मिरकरवाड्यातून जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची वाट, पण हवा बदलते. इथे रत्नागिरी शहर फिरायला येतं. भेळेच्या गाड्या, कणसं, जेटीवरची कमान, वाळूत फुटबॉल खेळणारी पोरं. मांडवीच्या बाजूला काळा समुद्र, मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र, आणि दोन्ही नावं वाळूच्या रंगावरून. इथल्या काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजं आहेत. पोरं लोहचुंबक दोऱ्याला बांधून वाळूत फिरवतात आणि त्याला काळी मिशी फुटते. या मांडवीवरूनच एके काळी रत्नागिरीकर मुंबईला जात. आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबायची, माणसं आणि सामान पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. पावसाळ्यात ती बंद असे. कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली ती 1998 मध्ये. त्याआधीच्या पिढीतल्या बायकांना माहेरपण म्हटलं की या धक्क्यावरचा पडाव आठवतो. माझ्या आजीला तर बोटीपेक्षा पडावातून शिडीवर पाय टाकायचीच धास्ती जास्त होती.

रविवारी पहाटेचा लिलाव कालच्यासारखा नव्हताच. माणसं दुप्पट, रिक्षा जेटीच्या तोंडाशी अडकलेल्या, आणि बोली पुकारणाऱ्याचा आवाज बसलेला. काल ज्या मापाची सुरमई एका बाईने निवांत तपासून घेतली होती, तिच्यावर आज चौघे तुटून पडले. बाहेर किरकोळीच्या ओळीत बायका वाटे लावून बसल्या होत्या. बांगड्याचा वाटा, मांदेलीचा वाटा, कोळंबीचा वाटा. वाट्यात एखादा मोठा मासा वर दर्शनी ठेवायचा आणि गिऱ्हाइकाने तो उचलून खालचे बघायचे, हे दोन्ही बाजूंना मान्य असलेलं आहे. त्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, म्हणून कुणी छत्री दगडांत रोवलेली, कुणी ओला गोणपाट मासळीवर आणि पदर स्वतःच्या डोक्यावर घेतलेला. पहाटे तीनला घर सोडून दुपारी एकपर्यंत बसणाऱ्या बाईला जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह नसेल तर ती काय करते, असं मी एकीला विचारलं. “पाणी पीत नाय,” ती म्हणाली. बंदराच्या विकासावर कोट्यवधींच्या गोष्टी होतात. त्यात धक्का असतो, लाटरोधक भिंत असते, लिलावगृह असतं. वाटे लावणाऱ्या या बाईसाठी नळ, सावली आणि दार लागणारं स्वच्छतागृह ही मागणी फार लहान आहे, आणि ती पहिल्या पानावर असायला हवी असं मला वाटतं.

अकराच्या सुमाराला मी राजिवड्याकडे गेले. सप्तमीची भरती सव्वापाचची, म्हणजे साडेअकराला पूर्ण ओहोटी. काजळीच्या खाडीत भाट्याच्या पुलाच्या बाजूला चिखल उघडा पडला होता आणि त्यात बायका वाकून मुळे, म्हणजे शिंपल्या, काढत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कमरेला बांधलेली जाळीदार पिशवी. पायाच्या तळव्याने चिखल चाचपायचा, कडक लागलं की हात घालायचा. इथे ना डिझेल लागतं ना तांडेल, फक्त तिथी माहीत हवी. पलीकडे भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची झाडं दिसतात, 1955 पासूनची ही संस्था. त्याच्या पुढे सुरूचं बन आणि तिथे गाड्या लावून आंघोळीला उतरलेली सुट्टीवाली मंडळी. पाणी परत चढायला लागलं तशा बायका काठावर आल्या आणि मुळ्यांचे वाटे तिथेच रस्त्यावर विकून मोकळ्या झाल्या. रविवार होता, थांबावं लागलं नाही.

परतताना पुन्हा मिरकरवाड्यात डोकावले. जेटीवर नौका बर्फ आणि डिझेल भरून घेत होत्या, दुपारच्या भरतीला निघायच्या तयारीत. कालच्या काकी टब पालथा घालून त्यावर बसल्या होत्या, मासळी संपलेली, फक्त सुरमईचं एक मुंडकं उरलेलं. कालवणाला मुंडकंच चांगलं, असं म्हणत त्यांनी ते माझ्या पिशवीत घातलं आणि पैसे घेताना भाव काही कमी केला नाही. मी म्हटलं, काकी, आज फारच महाग आहे.

“मंग रयवारी कशाला येतंस?” त्या म्हणाल्या. “सोमवारी ये गो बाय. सोमवारी कोण खात नाय. निम्म्यात देत्ये तुला.”