हाट ते हाट

धार जिल्ह्यातलं बाग हे गाव बाहेरच्यांना ओळखीचं असतं ते लेण्यांमुळे आणि ठशांनी छापलेल्या कापडामुळे. घरखर्चाच्या दृष्टीने मात्र तिथे पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे हाट. कुक्षी-बागच्या पट्ट्यात मोठ्या गावांच्या आठवडी बाजाराचे वार ठरलेले असतात. डोंगरातल्या वस्त्यांवरून भिल्ल-भिलाला कुटुंबं उतरतात, मीठ-मिरची, तेल, साबण घेतात आणि परततात. राहिलेलं पुढच्या हाटाला.

येणारा पैसा मात्र असा दर आठवड्याला येत नाही. कापूस विकला की तो एकरकमी येतो, किंवा गुजरातेत मजुरीला गेलेली माणसं होळीआधीच्या भगोरिया सणाच्या सुमाराला परततात तेव्हा येतो. छपाईच्या कामातही तसंच. ठसे उमटवल्यावर कापड काही दिवस नुसतं ठेवायचं, मग बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचं, मग आलिझरीन आणि धायटीच्या फुलांबरोबर भट्टीत उकळायचं. माल विकून हातात पैसे पडेपर्यंत हाट कितीदा तरी भरून उठलेला असतो. मिळकतीचं माप वेगळं, खर्चाचं वेगळं, आणि घर चालतं ते खर्चाच्या मापाने.

पगारदार घरात नेमकं इथे चुकतं. पगार महिन्याचा, म्हणून हिशोबही महिन्याचा. पण भाजी, दूध, पेट्रोल, बाहेरचं खाणं यांना महिना फार लांब पडतो. पाच तारखेला खातं भरलेलं दिसतं आणि हात सैल सुटतो. वीस तारखेला आवळायला जावं, तर आवळण्यासारखं काही शिल्लक नसतं. खर्चाची सवय मोडायची असेल तर चार आठवड्यांपुरता, हाट ते हाट असा हिशोब करून पाहावा. कायमची शिस्त लावायला निघालेली माणसं सहसा दहाव्या दिवशी वही मिटतात. चार आठवडे कुणालाही निभतात.

देवासमधलं एक घर धरू. महिन्याला 32,000 रुपये येतात. भाडं 7,000, कर्जाचा हप्ता 5,500, शाळा आणि व्हॅन 3,500, वीज-गॅस-रिचार्ज 3,000, असे 19,000 बांधलेले. बचतीचे 3,000 आधीच बाजूला. उरले 10,000. आता बहुतेक जण याला चाराने भागतात आणि आठवड्याला 2,500 धरतात. तिथेच पहिला खड्डा. चार आठवडे म्हणजे 28 दिवस, आणि महिन्याचे उरलेले दोन-तीन दिवस बिनपैशाचे. भागायचं तीसने आणि गुणायचं साताने: 2,333. आपण 2,300 धरू. मग शेवटच्या दोन दिवसांना 800 उरतात.

आठवडा कोणत्या वारी सुरू करायचा, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण माझ्या मते अर्धं यश त्यातच आहे. आपला मोठा बाजार ज्या वारी होतो, त्याच सकाळी सुरुवात करावी. म्हणजे सगळ्यात मोठा खर्च पहिल्याच दिवशी होतो आणि चुकलं तर सावरायला सहा दिवस मिळतात. उलट सोमवारी सुरू करून शनिवार-रविवार शेवटी ठेवला, तर पाच दिवस राखलेलं दोन दिवसांत उडतं.

पहिल्या आठवड्यात काही बदलू नये. फक्त लिहावं, रोज झोपण्यापूर्वी, रोजकीर्दीसारखं. दुसऱ्यापासून रक्कम वेगळी काढायची. रोखीने चालत असेल तर पाकिटात. आता हातगाडीवरही क्यूआर कोड लटकतो. तेव्हा यूपीआय लाइटचा बटवा या कामाला उत्तम. त्यात एका वेळी 5,000 पर्यंत ठेवता येतात आणि एका व्यवहाराला 1,000 ची मर्यादा आहे. बाजाराच्या सकाळी 2,300 भरायचे आणि रोजचं सगळं त्यातूनच द्यायचं. आपोआप भरणा होण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर तळ कधी दिसणारच नाही. या बटव्यातले व्यवहार बँकेच्या पासबुकात एकेक उतरत नाहीत, पैसे भरल्याची तेवढी नोंद येते. तपशील अ‍ॅपमध्येच पाहावा लागतो.

पाचव्या दिवशी पैसे संपले तर? पुढच्या आठवड्यातून उचलायचं नाही आणि किराणावाल्याच्या वहीवर नाव मांडायचं नाही. घरातली डाळ, बेसन, कणीक बाहेर काढायची. दोन दिवस पिठलं-भाकरीने कुणाचं काही बिघडत नाही. मात्र औषधाला हा नियम लावणं वेडेपणा आहे. तो पैसा वेगळाच हवा. आणि उरले तर? अनेक जण ते पुढच्या आठवड्यात ढकलतात. मी तसं करू नये असं म्हणेन. पुढच्या आठवड्याला 2,600 मिळाले की ते बक्षिसासारखे उधळले जातात. उरलेलं थेट बचतीत टाकावं.

माळव्यात एक अडचण हमखास येते: वर्षाचे गहू. चैत्र-वैशाखात घरोघर पोती भरली जातात आणि त्या आठवड्याचा हिशोब पार कोलमडतो. गहू, तेलाचा डबा, शाळेची पुस्तकं यांना आठवड्यात घेऊच नये. वर्षाच्या रकमेचा बारावा भाग दर महिन्याला बांधलेल्या खर्चात धरावा. तसाच सणाचा आठवडाही सुरुवातीला टाळावा. होळीच्या आधीच्या सात दिवसांत भगोरियाचे हाट भरतात; कपडे, चांदीचे दागिने, खाऊ. त्या दिवसांत कुणी काटकसर आरंभली तर ती टिकणार नाही, आणि टिकूही नये.

मोठ्यांनाही हे जमत नाही बरं का. देवासच्या थोरल्या पातीचं संस्थान कर्जात इतकं बुडालं, की तिथले राजे तिसरे तुकोजीराव पवार 1933 मध्ये फ्रेंचांच्या पाँडिचेरीला निघून गेले ते परतलेच नाहीत.

चौथ्या आठवड्यानंतर वही उलटून पाहावी. सकाळच्या पोह्या-जलेबीवर रोज 40 जात असतील तर महिन्याचे 1,200 होतात. ते बंदच करा असं नाही. कुणाला तोच दिवसातला आनंद असेल. पण तो आपण निवडलेला आहे की नुसती वाट पडली आहे, हे आकडा सांगतो. आणि चारपैकी तीन आठवडे 2,300 सहाच दिवस पुरले असतील, तर दोष हाताचा नाही, आकड्याचा आहे. त्या घराचा खरा खर्च आठवड्याला 2,700 च्या आसपास आहे. वरचे 400 मग भाजीत शोधू नयेत. ते बांधलेल्या 19,000 मध्ये शोधावेत: न वापरलेलं दुसरं सिम, कुणी पाहत नाही अशा चॅनेलची वर्गणी, किंवा व्हॅनऐवजी सायकल.