मुठेलाचा दिवस

पहाटे ५.३० : पाटी घेऊन परसातल्या रातांब्यांखाली, म्हणजे कोकमाच्या झाडांखाली. वानरांच्या आधी पोचलं तरच पिकली फळं हाती लागतात. कडेचं झाड नुसतंच फुलतं, नर आहे. सासरे ते तोडायला निघाले होते, सासूबाईंनी अडवलं. तो गेला तर बाकीच्या झाडांना धरणार काय?

७.३० : फळं फोडते. सालं एकीकडे, गरासकट बिया दुसरीकडे. मीठ घातलेल्या रसात सालं बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. तेव्हा कुठे आमसूल होतं. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. मान सालीला, बिया व्यापारी साबण-क्रीमवाल्यांसाठी पडेल भावात मागतो.

१० : आजच्या बिया चोळून धुतल्या, खळ्यात पसरल्या. आधीच्यांतली एक दाताखाली धरली. कट्कन तुटली, म्हणजे वाळली.

११.३० : वाळलेल्या बिया वायनात कांडायच्या, सुपात पाखडून टरफलं उडवायची, आतला मगज पुन्हा कुटायचा. बीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तेल. बाकी सगळी मेहनत.

२ : जेवणं आटोपली की चुलीवर टोप. पाण्यात कूट रटरटतो, वर पिवळसर तवंग धरतो. माझा हात घाई करतो.
“गो, डवलो तळाक घालू नको, वरच्यावर काढ,” सासूबाई ओसरीवरून.

५ : काढलेलं तेल गाळून गार पाण्यात. बघता बघता थिजतं. ते वितळायला ४० अंशांच्या आसपास ऊब लागते, म्हणून मे महिन्यातही घट्ट राहतं आणि पायाला लावताना दिव्यावर धरावं लागतं.

६.३० : मुठीत दाबून गोळे वळते, हेच मुठेल. बोटांचे ठसे तसेच उमटतात. चोथा माडाच्या आळ्यात.

८ : शेजारच्या काकी आल्या. “एक गोळो विकत दी गो.”
“विकूचा नाय. लावूक होया तर ने,” सासूबाई म्हणाल्या.
बिया विकल्या असत्या तर आज चार पैसे दिसले असते. पण पाऊस पडला की तरवा लावायला दिवसभर चिखलात उभं राहायचं; बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचा फाटतात. तेव्हा रात्री हेच लावून निजायचं. उरलेले गोळे डब्यात भरले. लावणी संपेपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या पायांना पुरायला हवेत.